तासाला किती ताटं? रुग्णालयाच्या किचनचं काम मोजण्याची माझी पद्धत

दरवर्षी मार्च आला की प्रशासनाकडून विचारणा होते, "मॅडम, किचनला एवढी माणसं लागतातच का?" आणि बहुतेक त्याच आठवड्यात किचनमधल्या मावशी म्हणतात, "मॅडम, आणखी एक माणूस मागून घ्या की." दोघांचंही म्हणणं मला पटतं. पण अंदाजपंचे उत्तर दिलं तर दोघांपैकी एकावर अन्याय होतो. आहारतज्ज्ञ म्हणून मला एकवीस वर्षं झाली, त्यातली अकरा वर्षं किचनही माझ्याच हाताखाली आहे. सध्याचं रुग्णालय पश्चिम महाराष्ट्रातलं, ट्रस्टचं, १८० खाटांचं. इथे मोजमाप कसं बसवलं ते सांगते, म्हणजे तुमच्या किचनमध्ये तुम्हाला पहिल्यापासून चाचपडावं लागणार नाही.

मूळ हिशेब शाळेतल्या भागाकाराइतका सोपा आहे. दिवसभरात दिलेली जेवणं भागिले ती देण्यासाठी लागलेले माणसांचे तास. तासाला किती जेवणं झाली ते कळतं. उलटा भागाकार केला तर एका जेवणाला किती मिनिटं लागली ते कळतं. प्रशासनाला पहिला आकडा आवडतो, किचनच्या लोकांना दुसरा लगेच समजतो. खरी मेहनत भागाकाराच्या आधी आहे: जेवण कशाला म्हणायचं आणि तास कुणाचे धरायचे, हे ठरवण्यात.

जेवण कुठे मोजायचं

जेवण रुग्णाच्या खाटेपाशी मोजा. किचनच्या दारात मोजू नका. हे मी एवढं ठासून का सांगते, त्यामागे एक जुना अनुभव आहे.

मी आधी जिथे काम करायचे त्या रुग्णालयात एकदा बाहेरून हिशेबनीस बोलावले होते. त्यांनी किचनमधून निघालेली ताटं मोजली. ताटं निघायची सकाळी सहाच्या डाएट शीटवरून, म्हणजे कुणाला कोणतं जेवण द्यायचं त्या यादीवरून. अकरापर्यंत डिस्चार्ज झालेले, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेले, घरचा डबा आलेले असे सगळे त्या शीटमध्ये असायचेच. त्यामुळे तासाला जेवणं भरपूर दिसली, किचन जोरात चाललंय असा निष्कर्ष निघाला आणि दोन माणसं कमी केली गेली. पुढच्याच महिन्यात दुपारची ट्रॉली उशिरा पोचायला लागली. एके दिवशी मेडिसिन वॉर्डातल्या एका आजींना सव्वाबाराला इन्सुलिन दिलं. ते साधं इन्सुलिन होतं, जेवणाआधी अर्धा तास द्यायचं. ताट पोचलं एक पस्तीसला. मी ट्रॉलीबरोबरच वर गेले होते. आजींचा पदर घामाने चिंब झाला होता, हात थरथरत होते आणि सिस्टर त्यांना ग्लुकोजचं पाणी पाजत होत्या. साखर ५२ वर आली होती. किचनच्या वहीत मात्र त्या आजींचं जेवण "दिलं" या रकान्यात व्यवस्थित बसलं होतं, आणि त्या दिवसाचा तासाचा आकडाही छानच होता.

तेव्हापासून माझ्या वहीत निघालेलं ताट आणि पोचलेलं ताट असे दोन वेगळे रकाने आहेत. भागाकार पोचलेल्या ताटाचाच करायचा. दोन्हींतली तफावत मात्र रोज लिहायची, कारण तिच्यातच काम लपलेलं असतं. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यातला एक दिवस सांगते. दुपारची १३१ ताटं वाढली, ११८ पोचली. उरलेल्या तेरांचा मी खाटेगणिक पाठपुरावा केला. पाच जणांना डिस्चार्ज मिळाला होता, चौघे उपाशी ठेवलेले, तिघांना घरून डबा आलेला आणि एक जण आयसीयूत हलवलेला. यात स्वयंपाकी मंडळींचा काडीचाही दोष नव्हता, निरोपच पोचला नव्हता. मग साडेदहाला प्रत्येक वॉर्डातून दुसरी मोजणी घ्यायला सुरुवात केली. फोनवर घेतलं तर सिस्टर कामाच्या गडबडीत "आहे तेच ठेवा" म्हणतात, म्हणून आमची डाएट इंटर्न वहीवर सही घेऊन येते. भाजी तोवर चिरून झालेली असते, ती वाचत नाही. पण चपात्या, ताट मांडणं, वर नेणं आणि परत आणून धुणं हे सगळं वाचतं. तेराची तफावत चारवर आली.

चहा आणि जेवण एका मापात आणणं

एक कप चहा आणि पूर्ण ताट दोन्ही "एक" धरले तर चहाच्या जोरावर आकडा फुगतो. म्हणून सगळं जेवणाच्या मापात आणावं लागतं. काही जण हे खर्चावरून करतात. मला वेळेवरून केलेलं जास्त पटतं, कारण आपण माणसांचे तासच मोजतोय.

एक आठवडा प्रत्येक कामाला किती माणसं किती वेळ लागली ते लिहून काढा. निवडण्या-चिरण्यापासून भांडी पालथी घालेपर्यंत सगळं त्यात धरा. आमच्याकडे दुपारच्या ११८ ताटांना मिळून ३२ तास लागत होते, म्हणजे ताटाला सव्वासोळा मिनिटं. सकाळच्या १२६ नाश्त्यांना १४ तास, म्हणजे पावणेसात मिनिटांच्या आसपास. चहा-बिस्किटाला दीड-पावणेदोन मिनिटं. नळीवाटे द्यायच्या आहाराच्या एका खेपेला चार मिनिटं. यात मिक्सर दर खेपेला उकळत्या पाण्याने धुण्याचा वेळ धरलाय, तो विसरू नका. यावरून आम्ही ठरवलं: पूर्ण ताट १, नाश्ता ०.४, चहा ०.१, नळीची एक खेप ०.२५.

आता एक दिवसाचा हिशेब घालू. दुपारची ११८ ताटं, रात्रीची ११२ आणि रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांची २२, मिळून २५२. नाश्ते १२६ गुणिले ०.४ म्हणजे ५०.४. दोन वेळचा चहा २५८ गुणिले ०.१ म्हणजे २५.८. सहा रुग्णांना नळीवाटे आठ-आठ खेपा, म्हणजे ४८ गुणिले ०.२५ बरोबर १२. एकूण ३४०. त्या दिवशी तेरा जणांनी आठ-आठ तास काम केलं, म्हणजे १०४ तास. ३४० भागिले १०४ म्हणजे तासाला ३.२७ जेवणं, किंवा एका जेवणाला अठरा मिनिटांहून थोडं जास्त.

माझी मापं जशीच्या तशी उचलू नका. तुमच्याकडे नाश्त्याला उपम्याऐवजी इडली असेल, पीठ बाहेरून दळून येत असेल किंवा चपात्या मशिनवर होत असतील, तर आकडे बदलणारच. अमेरिकेतल्या पाठ्यपुस्तकांत रुग्णालयासाठी तासाला साडेतीन जेवणं असा ठोकताळा दिलेला असतो. तो वाचून हुरळूनही जाऊ नका आणि खचूनही जाऊ नका. तिथे ब्रेडचे दोन काप ठेवले की ट्रेचा एक कोपरा भरतो. इथे दोन चपात्यांसाठी कणीक मळावी लागते, लाटावी लागते, शेकावी लागते.

तास कुणाकुणाचे

हजेरीपटावर फक्त किचनचे लोक असतात. पण वॉर्डात ताट नेऊन ठेवणाऱ्या मावशी नर्सिंगच्या पटावर असतील, तर त्यांचा तो वेळही यात आला पाहिजे. नाहीतर वाढपाचं काम किचनकडून वॉर्डकडे ढकललं की आकडा सुधारल्यासारखा दिसेल आणि तिकडे मावशींचे हाल होतील. ओव्हरटाइम धरा. कंत्राटदाराची माणसं नातेवाइकांचं कँटीनही सांभाळत असतील तर त्यांचे तास वाटून घ्या. आहारतज्ज्ञाचा डाएट शीट बनवण्याचा वेळ यात धरा, रुग्णाला समजावण्याचा धरू नका. ते उपचारातलं काम आहे.

आणखी एक गोष्ट. केलेले तास आणि पगाराचे तास वेगवेगळे लिहा. आमच्या पटावर सोळा जण, आठवड्याचे ७६८ तास. प्रत्यक्ष काम ७२८ तास, बाकीच्या चाळीस तासांच्या हक्काच्या रजा. केलेल्या तासांवर ३.२७ येणारा आकडा पगाराच्या तासांवर ३.१० होतो. पहिला किचन कसं चाललंय ते सांगतो, दुसरा खर्चाचा आहे. बैठकीत एकाने पहिला धरला आणि दुसऱ्याने दुसरा, की तासभर निष्कारण वाद चालतो. मी तो ऐकलाय.

वेळ जातो कुठे

भागाकार आला, तरी वेळ कशात गेला ते त्यातून कळत नाही. त्यासाठी मी फेऱ्यांची पद्धत वापरते. १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांत टिपेट नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने ती आणली. माग सतत बघत उभं राहण्याऐवजी अधूनमधून फेरी मारायची आणि त्या क्षणी कुठला चालू, कुठला बंद ते टिपायचं. माझं बालपण इचलकरंजीत, मागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे ही पद्धत वाचल्यावर लगेच डोळ्यांपुढे उभी राहिली. किचनलाही ती चपखल बसते.

साडेनऊ ते साडेबारा या वेळात चिठ्ठ्या टाकून बारा वेळा ठरवा. नेमाने दर पंधरा मिनिटांनी गेलात तर दर वेळी तेच काम दिसण्याची शक्यता असते, म्हणून चिठ्ठ्या. त्या त्या वेळी आत जाऊन प्रत्येकापुढे एकच खूण करायची: काम, चालणं किंवा थांबणं. पाच जण, चार दिवस, रोज बारा फेऱ्या म्हणजे २४० खुणा. आमच्या खुणा अशा आल्या: काम १५१, चालणं ४६, थांबणं ४३. पाचातली जवळजवळ दोन माणसं कोणत्याही क्षणी चालत तरी होती किंवा कशाची तरी वाट पाहत होती. आणि तरी संध्याकाळी सगळ्यांचे पाय दुखत होते.

मोजायच्या आधी सगळ्यांना एकत्र बसवून सांगा की नावं लिहिणार नाही आणि कुणाचीही नोकरी यावर ठरणार नाही. मगच वही हातात घ्या. आणि तो शब्द पाळा. लपून घड्याळ लावणाऱ्याला किचन कधीच खरं काम दाखवत नाही.

सगळ्यात जास्त वाट पाहणं चपातीच्या ओट्यावर होतं, म्हणून तिथे मी एक अख्खा दिवस उभी राहिले. दोन मावशी लाटत होत्या, एक शेकत होती. लाटणाऱ्या दोघी मिळून मिनिटाला सहा चपात्या सहज लाटायच्या. मोठ्या तव्यावर एका वेळी तेवढ्याच मावायच्या. म्हणजे गणित जुळत होतं. पण अर्ध्या तासात १८० ऐवजी १२० चपात्याच उतरत होत्या. नीट बघितल्यावर लक्षात आलं. कणकेची परात मागच्या ओट्यावर होती. गोळे संपले की लाटणारी पोळपाट सोडून उठायची, पंधरा पावलं चालून गोळे तोडून आणायची, तोवर तवा रिकामा तापत राहायचा. मग पुढची पहिली चपाती करपायची, ती बाजूला टाकायची, आणि शेकणारी मावशी तवा निवायला पाण्याचा हबका मारायची. हे अर्ध्या तासात चार वेळा झालं. उपाय त्या मावशींनीच सुचवला. वाटण करणारी बाई अकराच्या सुमाराला मोकळी असते, तिने लाटणाऱ्यांच्या मध्ये बसून गोळे करून द्यावेत आणि परात तिच्या पुढ्यात असावी. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या तासाला १६५ चपात्या उतरू लागल्या. पैसा खर्च झाला नाही, एक टेबल सरकवावं लागलं.

परत आलेलं अन्न

पोचलेलं ताट रुग्णाने खाल्लं नाही तर सगळ्यांचेच तास वाया गेले. म्हणून महिन्यातून निदान तीन दिवस उष्टं तोलायचं. भांडी घासायच्या जागेजवळ वॉर्डच्या नावाच्या बादल्या ठेवायच्या, प्रत्येकीचं रिकामं वजन खडूने वर लिहायचं आणि ताट धुण्याआधी अन्न त्यात पाडायचं. सालं, हाडं, कागद वेगळे. मग वजनकाट्यावर ठेवून बादलीचं वजन वजा करायचं. वाढलेल्या अन्नाचं वजन हवं म्हणून पाच ताटं आधी तोलून सरासरी काढायची. आमचं ताट सरासरी ५५० ग्रॅमचं, ११८ ताटं म्हणजे ६५ किलोच्या आसपास. परत आलं १८ किलो. चौथ्या हिश्श्याहून जास्त.

हाडांच्या वॉर्डातून सगळ्यात जास्त परत येत होतं. मी आधी मीठ-मसाला तपासला, तो बरोबर होता. मग जेवणाच्या वेळी वॉर्डात जाऊन बसले. खुब्याचं हाड मोडलेले एक आजोबा पाठीवर आडवे होते. ताट बाजूच्या लॉकरवर, हात पुरणार नाही इतक्या अंतरावर. सून औषधं आणायला खाली गेली होती. वाट बघून आजोबांना झोप लागली आणि वीस मिनिटांनी मामांनी ताट तसंच उचलून नेलं. माझ्या किचनने वेळेवर दिलेलं, गरम, बिनमिठाचं, बरोबर ताट. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण असे किती आजोबा रोज उपाशी राहत असतील याचा अंदाज आला. आता ट्रॉली निघताना वॉर्डला निरोप जातो. मावशी आधी खाटेचं डोकं वर करतात, टेबल पुढ्यात ओढतात, आणि त्या वॉर्डाला चपाती तुकडे करून, वरणाची वाटी शेजारी ठेवून जाते. ज्यांच्याजवळ कुणी नसतं त्यांच्या ताटावर लाल चिकटपट्टी असते, म्हणजे भरवायला कुणीतरी थांबायचं. तिथलं उष्टं झपाट्याने उतरलं.

तासाच्या आकड्याशेजारी मी नेहमी आणखी तीन गोष्टी लिहिते. शेवटच्या खाटेवर पोचलेल्या ताटातल्या वरणाचं तापमान: किचनमधून निघताना ६५ अंशांच्या वर असलंच पाहिजे, आणि शेवटच्या खाटेवर किती उतरतं ते पाहायचं. त्यासाठी एक जास्तीचं ताट ट्रॉलीत पाठवते आणि शेवटी त्यातच थर्मामीटर घालते, रुग्णाच्या ताटात नाही. दुसरं, ठरलेल्या वेळेनंतर पोचलेली ताटं. तिसरं, चुकीचं पथ्य गेलेली ताटं. किडनीच्या रुग्णाला साधी आमटी गेली तर ती एक चूकही मला महिनाभर सलते. हे तीन आकडे बिघडत असताना तासाची जेवणं वाढत असतील, तर ती वाढ मी प्रशासनापुढे कामगिरी म्हणून मांडत नाही.

आकडा कधी फसवतो

दिवाळीच्या आठवड्यात ठरवून करायची ऑपरेशनं कुणी घेत नाही, खाटा निम्म्या रिकाम्या होतात. रुग्ण निम्मे झाले तरी फरशी तेवढीच धुवावी लागते, फ्रीज तेवढेच पुसावे लागतात. आकडा खाली येणारच. आषाढी एकादशीला अर्धा वॉर्ड उपवासाचं मागतो, भगर आणि साबुदाणा वेगळ्या गॅसवर लागतो आणि पथ्याच्या रुग्णाला साबुदाणा का नको हे समजावण्यात माझी सकाळ जाते. श्रावणातले सोमवार, रमजानमध्ये रोजा धरणारे आमचे दोन स्वयंपाकी, हे सगळं वहीच्या शेऱ्यात लिहा आणि सरासरी काढताना असे दिवस वेगळे ठेवा.

पथ्याच्या ताटांचं प्रमाणही शेजारी लिहा. बिनमिठाचं, मधुमेहाचं, मऊ, पातळ अशी ताटं वाढली की तासाची जेवणं घटतात. डायलिसिसच्या खाटा वाढवल्या त्या वर्षी आमचंही असंच झालं होतं. म्हणून दुसऱ्या रुग्णालयाशी तुलना करू नका. स्वतःच्याच मागच्या तीन महिन्यांशी करा.

गेल्या वर्षी मी माणूस मागितला तेव्हा अर्जाला एकच पान जोडलं होतं. दोन आठवडे रोज दुपारी सरासरी १९ ताटं उशिरा जात होती, सगळी बारा ते एकच्या मधली, आणि त्यातली बरीचशी इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांची. पूर्ण वेळाचा माणूस मी मागितलाच नाही. साडेदहा ते अडीच, चार तासांची मदतनीस मागितली. ती मिळाली. १०४ तासांचे १०८ झाले आणि तासाची जेवणं ३.२७ वरून ३.१५ वर उतरली. उशिराची ताटं तीनवर आली. पहिली ट्रॉली आता मेडिसिन वॉर्डात जाते, आणि बारा चाळीसला मी स्वतः तिथल्या दारात उभी असते.